७७ इंचांचा टीव्ही, २४ हप्ते आणि आई-बाबांची पॉलिसी

प्रश्न : वय ३७. नागपूरच्या मिहानमध्ये आयटी कंपनीत नोकरी, हातात १ लाख ८ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, तिचे ३४ हजार. बेसा रोडला स्वतःचा फ्लॅट. आई-बाबा (वय ६४ आणि ६८) आमच्याकडेच असतात, मुलगी पहिलीत. सिनेमा आणि प्लेस्टेशन ५ हे माझे एवढेच शौक. ७७ इंची ओएलईडी टीव्ही घ्यायचा आहे. शोरूमवाला क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने ३ लाख ३० हजारांना देतो, एकरकमी घेतला तर ३ लाख १० हजारांना. ३ लाखांची एफडी आहे, तीही मोडता येईल, नाहीतर म्युच्युअल फंडातली महिन्याची एसआयपी अर्धी करता येईल. पत्नी म्हणते, आधी आई-बाबांची मेडिक्लेम काढा. तिने ६२ हजारांचं कोटेशनही आणून ठेवलंय. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे, त्याआधी टीव्ही भिंतीवर हवा. काय करू?

उत्तर : टीव्ही घ्या. हे आधीच सांगतो, कारण असं पत्र आलं की आम्हा सल्लागारांना आधी शौकाला नाक मुरडायची आणि मग एसआयपीचं कीर्तन लावायची सवय असते. तुमचं घर नीट चाललंय, कर्जं वेळेवर फिटताहेत, दिवसभर काम करून रात्री दोन तास मोठ्या पडद्यावर सिनेमा बघावासा वाटला तर त्यात गैर काय? फक्त हा टीव्ही नको, हा हप्ता नको, आणि एफडीला तर हातच लावू नका.

तुम्ही पाठवलेला महिन्याचा हिशेब असा. गृहकर्ज ३८,०००, कारचा हप्ता ११,२००, एसआयपी २०,०००, मुलीची शाळा आणि व्हॅन ८,०००, घरखर्च ३५,०००, बाबांची औषधं ६,०००, टर्म आणि गाडीचा विमा महिन्यावारी ५,०००. बेरीज १,२३,२००. दोघांच्या १,४२,००० मधून उरतात १८,८००. टीव्हीचा हप्ता १३,७५०, म्हणजे ५ हजार शिल्लक. कागदावर बसतंय, आणि बहुतेक त्याच जोरावर तुम्ही शोरूमला टोकन द्यायच्या बेतात आहात.

आता त्यात पत्नीचं कोटेशन घाला. ६२ हजार म्हणजे महिन्याला ५,१६७. उरले १३,६३३. हप्ता १३,७५०. दर महिन्याला ११७ रुपये कमी पडतात, आणि यात शाळेचे गणवेश, दिवाळी, कुणाचं लग्न, गाडीचे टायर यातलं काहीच धरलेलं नाही. थोडक्यात, ७७ इंची टीव्ही आणि मेडिक्लेम या दोन्ही गोष्टी तुमच्या पगारात एकाच वेळी मावत नाहीत. त्यातली कोणती मागे ठेवायची याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाबा ६८ चे आहेत, रोज गोळ्या चालू आहेत. आज दोघांना जे संरक्षण आहे ते तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचं, असं तुम्ही लिहिलंय. नोकरी बदलली की ते बदलणार, नोकरी गेली की जाणार. स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजारांचा खर्च मिळत नाही. तो आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो. ते घड्याळ पॉलिसी काढल्यावरच सुरू होतं, म्हणून उशीर महाग पडतो. ६५ नंतर नवी पॉलिसी मिळत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तो नियम २०२४ मध्ये गेला. बाबा ७० चे झाले की आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण त्यांना उत्पन्नाची अट न लागता मिळेल, आणि खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. पण मधली दोन वर्षं आहेतच, आणि आई तर अजून ६४ च्या. प्रीमियम मासिक किंवा तिमाही हप्त्यांत भरता येतो का ते विचारा, म्हणजे एकदम ६२ हजार काढावे लागणार नाहीत.

दुकानदार म्हणाला, ‘जीएसटी कमी झालाय, हीच वेळ.’ खरं आहे, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण तो काही रविवारी संपणारा सेल नाही. दसऱ्यालाही १८ च असेल असं धरून चाला. आणि त्याच तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेला. हे सांगायला मात्र शोरूममध्ये कुणी उभं नव्हतं.

नो-कॉस्टचं गणितही एकदा बघून घ्या. एकरकमी ३,१०,००० आणि हप्त्यांनी ३,३०,०००, म्हणजे पहिले २० हजार तिथेच गेले. दुसरं, कार्डावरच्या नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट आधी दिलेली असते म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्हीच भरता. बँकेचा दर १६ टक्के धरला तर २४ महिन्यांत व्याजाचा भाग ४९ हजारांच्या आसपास, त्यावर जीएसटी ८,८०० च्या वर. प्रोसेसिंग फी वेगळी. सगळं मिळून ‘बिनखर्ची’ हप्ता वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास पडतो. पर्सनल लोनपेक्षा स्वस्तच आहे, लूट म्हणणार नाही. पण तुमच्या कार्डाची मर्यादा ४ लाखांची; त्यातला मोठा भाग पहिल्याच दिवशी अडकेल. रामदासपेठेतल्या एखाद्या हॉस्पिटलच्या काउंटरवर रात्री डिपॉझिट भरायची वेळ आली तर माणूस आधी कार्डच काढतो. एखादा हप्ता चुकला तर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढतं, तो तर वेगळाच विषय.

(एकरकमी म्हणजे नोटांनी असा अर्थ घेऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला आयकर कायद्याने मनाई आहे.)

आता एफडी. तुमची नोकरी गेली, तर पत्नीच्या ३४ हजारांत एसआयपी सोडून उरणारा १,०३,२०० चा खर्च भागवायचा आहे. महिन्याला ६९,२०० ची तूट. ३ लाख पुरतील सव्वाचार महिने. आयटीत सध्या नवी नोकरी मिळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. एसआयपी अर्धी करण्याचा तुमचा तिसरा विचार मी वाचला आणि पुढे गेलो, तुम्हीही जा.

टीव्हीकडे येऊ. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलाय: आई-बाबा दुपारभर हॉलमध्ये मराठी बातम्या लावून बसतात. बातम्यांच्या चॅनेलवर खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला घड्याळ, तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखरचा काळा दिसतो, आणि अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याला तोड नाही. पण तेच बिंदू वापराने झिजतात, आणि एकाच जागी चमकणाऱ्या आकृतीखाली जास्त झिजतात. त्या आकृतीचा कायमचा डाग राहू शकतो. नवीन पॅनेलमध्ये यावर बरेच उपाय केलेले असतात, मिश्र वापर असेल तर घाबरायचं कारण नाही. पण रोज सहा तास एकच चॅनेल हा मिश्र वापर नव्हे. वर तुमच्या फुटबॉल गेमचा स्कोअरबोर्ड आहेच. आणि बहुतेक वॉरंटीत असा डाग धरतच नाहीत.

शिवाय हॉलची खिडकी पश्चिमेची. नागपुरात एप्रिल-मेमध्ये चार वाजता त्या खिडकीतून काय येतं हे वेगळं सांगायला नको. पडदे ओढूनही खोली उजेडातच राहते, आणि उजेडात मिनी एलईडी (पडद्यामागे बारीक दिवे असलेला टीव्ही) जास्त कामाचा. त्याचा पडदा जास्त उजळ आणि पट्ट्यांच्या डागांची भीती नाही. त्याचं उणं असं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती किंचित प्रभावळ दिसते. तुमच्यासारख्या सिनेमावेड्याला ती पहिल्या आठवड्यात खुपेल. नंतर सवय होते.

तुम्ही भाव काढलेला ७५ इंची मिनी एलईडी १ लाख २५ हजारांचा आहे. ७७ इंची पडद्याची रुंदी साधारण १७० सेंटिमीटर, ७५ इंचीची १६६. सोफ्यापासून भिंत साडेआठ फूट, असं तुम्ही मोजलंय. तेवढ्या अंतरावरून दोन्ही पडदे डोळ्यांसमोर ३५-३६ अंशांचा कोन व्यापतात. सिनेमासाठी ३० ते ४० अंश चांगले मानतात. म्हणजे आकाराने तुम्ही चार सेंटिमीटर गमावताय आणि एकरकमी भावातसुद्धा १ लाख ८५ हजार वाचवताय. फरक काळ्या रंगाचा आहे, तो मी नाकारत नाही. पण तुमच्या घरात तो काळा रंग रात्री दहानंतरच दिसणार.

‘एकदाच चांगला घेतो, दहा वर्षं बघायला नको,’ हा विचार फ्रिजला लागू पडतो. टीव्हीची वॉरंटी सहसा वर्षाची, वाढवून तीनाची. त्यानंतर पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून लोक नवीनच घेतात.

म्हणून बेत असा करा. बचत खात्यात एफडीशिवाय ७० हजार आहेत, त्यातले ६० टीव्हीच्या नावाने बाजूला काढा. मेडिक्लेम या महिन्यात सुरू करा. उरलेल्यातून दरमहा १३ हजार असे पाच महिने बाजूला टाका. दसऱ्याला १ लाख २५ हजार हातात असतील, आणि तेव्हा हाच भाव कदाचित थोडा खालीही आला असेल. मध्ये एखादा खर्च निघाला तर दसऱ्याऐवजी दिवाळी. वर्ल्ड कप यंदा घरातल्या ४३ इंचीवरच बघा. अगदीच राहवत नसेल, तर ६० हजार आता भरा आणि ६५ हजारांचे सहा हप्ते करा, महिन्याला १०,८३३. ते मला फार खटकणार नाही. सहा महिन्यांत विषय संपतो.

जुना ४३ इंची एक्स्चेंजमध्ये ६ हजारांना देऊ नका. तो आई-बाबांच्या खोलीत लावा, डिशचं कनेक्शनही तिकडेच न्या. त्यांना दुपारी हवं ते बघता येईल, तुम्हाला सुट्टीच्या दिवशी हॉल मिळेल. पुढे कधी ओएलईडी घ्यावासा वाटला तर तेव्हा पट्ट्यांची अडचणही राहणार नाही.

शोरूममध्ये जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. टीव्ही तिथे भडक मोडवर लावलेले असतात. फिल्ममेकर मोड (सिनेमा मूळ रंगांत दाखवणारी सेटिंग) लावायला सांगा आणि आपल्या आवडीचा सिनेमा पेनड्राइव्हवर न्या. खोक्यावर १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) लिहिलं म्हणून पॅनेल तेवढं असतंच असं नाही, ४के ला १२० मिळतं का ते विचारा. बऱ्याच मॉडेल्समध्ये चारपैकी दोनच एचडीएमआय पोर्ट तेवढ्या वेगाचे असतात, आणि त्यातलाच एक साउंडबारसाठी लागतो. प्लेस्टेशन ५ ला दुसरा पुरतो, पण उद्या आणखी एक कन्सोल आला की अडचण होईल. साउंडबार मात्र पुढच्या वर्षीच्या बोनसमधून नक्की घ्या. एवढ्या मोठ्या पडद्यावर पातळ आवाज फार केविलवाणा वाटतो. नेटफ्लिक्सवर ४के फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये आहे, आज तुम्ही ४९९ भरता. ते दीडशे रुपये घरखर्चात धरा.

कूलर हॉलच्या ज्या खिडकीत बसतो त्याच्या झोतासमोर टीव्ही टांगू नका. ओलावा आत गेला तर वॉरंटी अंग काढून घेते. पाच हजारांच्या स्टॅबिलायझरचा आग्रह होईल, तो घेऊ नका. आजचे टीव्ही कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेतात. धोका असतो तो वीज पडल्यावर. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि जूनमधलं पहिलं वादळ आलं की प्लग काढा.

आणि बुक करण्याआधी लिफ्ट मोजा. ७५ इंचीचं खोकं सहा फुटांच्या आसपास लांब असतं आणि ते उभंच न्यावं लागतं. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. जिन्याने चढवायचं झालं तर त्याचे पैसे कोण देणार आणि वाटेत पडदा तडकला तर जबाबदारी कुणाची, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या.