लढाऊ विमानांची चाचणी घेणारं पथक नेमकं काय करतं, आणि ते गोव्यात आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरताना खिडकीतून दिसलेली ती ‘उलटी घसरगुंडी’ कसली, आणि कारखान्यातून तयार होऊन आलेलं विमान पुन्हा तपासायला सैन्याला वेगळं पथक कशाला लागतं. मी नौदलात विमानांच्या इलेक्ट्रिकल कामावर होतो, निवृत्त झाल्यावर चिखलीतच घर केलं. वैमानिक नव्हतो, त्यामुळे जमिनीवरून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

आधी एक दुरुस्ती. पथक गोव्यात नाही, बंगळुरूला आहे. हवाई दलाने ऑगस्ट १९७२ मध्ये कानपूरला विमानं आणि शस्त्रास्त्रं तपासणारं एक युनिट काढलं. ते लवकरच बंगळुरूला हललं आणि पुढे त्याचं नाव एअरक्राफ्ट अँड सिस्टिम्स टेस्टिंग एस्टॅब्लिशमेंट झालं. चाचणी वैमानिक तयार करणारी शाळाही तिथेच आहे, जवळपास वर्षभराचा कोर्स. त्याआधी आपली माणसं इंग्लंडला नाहीतर फ्रान्सला शिकायला जायची. ‘मरुत’ हे आपलं पहिलं जेट लढाऊ विमान १९६१ मध्ये उडवणारे सुरंजन दास इंग्लंडलाच शिकले होते. त्याच विमानाची सुधारित आवृत्ती तपासताना १० जानेवारी १९७० ला ते गेले. तेजस या आपल्या हलक्या लढाऊ विमानासाठी मात्र नॅशनल फ्लाइट टेस्ट सेंटर हे निराळं केंद्र आहे, तेही बंगळुरूलाच. तिथे हवाई दल आणि नौदल, दोन्हीकडचे वैमानिक असतात.

आता ‘कशाला’. लोकांना वाटतं चाचणी वैमानिक म्हणजे आकाशात कोलांट्या मारणारा धाडसी गडी. प्रत्यक्षात तो मांडीवर कागद बांधून बसलेला कारकून असतो, हे मी कौतुकानेच म्हणतोय. त्या टेस्ट कार्डावर लिहिलेलं असतं : एवढी उंची, एवढा वेग, दांडा एवढा ओढा, आकडा घ्या, परत. पुढच्या फेरीत वेग थोडा वाढवायचा. कागदावरचं गणित आणि हवेतला आकडा जुळला तरच पुढची पायरी. कारखाना सांगतो की विमान अमुक वेगाला टिकेल. टिकतं का, आणि दमलेल्या, घामाघूम झालेल्या साध्या स्क्वाड्रनच्या वैमानिकाला ते झेपेल का, हे या पथकाने सांगायचं.

यात आकड्याला किती किंमत असते ते मला एका कनेक्टरने शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला एका हेलिकॉप्टरवर मोजमापाची जादा यंत्रं बसवली होती. अशा तारा सहसा नारिंगी असतात, विमानाच्या मूळ तारांपासून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. त्यातला एक कनेक्टर मी पूर्ण आवळला नाही, ‘टिक्’ आवाज यायच्या आधीच हात काढला. हेलिकॉप्टर तासभर उडून सुखरूप परत आलं, मी खूश. संध्याकाळी इंजिनियर साहेबांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. एक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ, मेलेल्या माणसाच्या नाडीसारखी. ते ओरडले नाहीत. वहीत त्या उड्डाणापुढे शून्य लिहिलं आणि म्हणाले, “उद्या परत.” म्हणजे ते उड्डाण झालंच नव्हतं. आजही घरात प्लग लावताना मी तो ‘टिक्’ ऐकतो. बायको हसते.

तर तुमची घसरगुंडी. आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवर बांधलेली नक्कल आहे. एका टोकाला १४ अंशांचा चढ, आणि उतरण्यासाठी आडव्या ताणलेल्या पोलादी तारा. चढावरून सुटताना विमानाचा वेग सरळ उडायला पुरेसा नसतो. चढ त्याला वर फेकतो, आणि त्या मिळालेल्या काही सेकंदांत इंजिन वेग भरून काढतं. २० डिसेंबर २०१४ ला नौदलाचं तेजस सुमारे ३०० मीटर धावून इथून पहिल्यांदा उडालं. चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर.

उतरणं त्याहून अवघड. साध्या धावपट्टीवर वैमानिक शेवटी नाक उचलून अलगद टेकतो. डेकवर तसली चैन नाही, विमान आपटतात म्हणा ना. शेपटीखालचा हूक तारेत अडकला पाहिजे, आणि टेकताक्षणी इंजिनला पूर्ण जोर द्यायचा, कारण हूक चुकला तर पुन्हा उडावं लागेल. आमच्या शेजारच्या मावशी विचारायच्या, “एवढं विमान दोरी लावून कशाला धरतात रे?” तेच तर शिकायचं होतं. आधी विमान जमिनीवरच धावत नेऊन हूक अडकवून पाहिला, वेग हळूहळू वाढवत. हवेतून येऊन तार पकडली ती १३ सप्टेंबर २०१९ ला. चढावरून पहिलं उड्डाण आणि हे उतरणं, मध्ये जवळजवळ पाच वर्षं. मग ११ जानेवारी २०२० ला तेच विमान समुद्रात आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरलं.

नौदलाने ते विमान घेतलं मात्र नाही, जहाजासाठी जड पडतं असं २०१६ मध्येच सांगितलं होतं. मग एवढा खटाटोप वाया गेला का, असं पुष्कळ जण विचारतात. मला नाही वाटत. डेकवर विमान उतरवण्याचे आकडे आता आपल्या वहीत आहेत, ते कोणी विकत देत नाही. शिवाय २०२२ मध्ये फ्रान्सचं राफेल-एम आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, या डेकवरच्या दोन्ही लढाऊ विमानांना याच चढावरून उडून दाखवावं लागलं. त्यातलं राफेल-एम आपण घेतलं, २६ विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला.

तळावर तुम्हाला आत सोडणार नाहीत. पुढच्या वेळी बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथे सी हॉक हे आपल्या नौदलाचं जुनं, जहाजावरून उडणारं लढाऊ विमान उभं आहे. सगळे त्याच्या नाकापाशी फोटो काढतात. तुम्ही मागे जाऊन शेपटीखाली वाका, हूक दिसेल.