गायरान कंपनीच्या घशात जाणार का?

प्रश्न: आमच्या गावचं गायरान एका कंपनीला द्यायचं घाटतंय. सरपंच म्हणतात ठराव झाला की विषय संपला, पड जमीन आहे, कुणाचं काय जातंय. खरंय का हे?

उत्तर: पड कसली हो, शेळ्या कुठं चरतात विचारा त्यांना! आधी सातबारा काढा. मालक म्हणून सरकार असेल आणि गुरचरण अशी नोंद असेल तर ग्रामपंचायत फक्त सांभाळणारी, आणि जे आपलं नाही ते ठराव करून विकणार कसं? जमीन महसूल संहितेतलं कलम 22-अ पण वाचा, गायरान चराईलाच ठेवायचं असं त्यात आहे, सार्वजनिक प्रकल्पासारखे अपवाद सोडून, आणि गंमत म्हणजे सगळी पळवाट त्या अपवादातनंच काढतात, त्यामुळे प्रस्तावात कारण काय लिहिलंय ते माहिती अधिकारात मागवा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल (28 जानेवारी 2011) पण तुमच्या लेखी विरोधाला जोडा. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यात भर टाकून घरं बांधलेली, कोर्ट म्हणालं बांधकामावर कितीही खर्च केला असला तरी कब्जा कायदेशीर होत नाही. ग्रामसभेत विरोध तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल लगेच मागा, नंतर पानं बदलतात.