खंड्याला आणा ताई, पण एफडी मोडून नको आणि या महिन्यात पण नको

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पत्र आलंय. भाड्याचं घर, तळमजला. नवरा कुपवाड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर, ताई शाळेच्या ऑफिसात, मुलगा सात वर्षांचा, सासूबाई सोबत. दोघांचे मिळून ६१ हजार येतात आणि भाडं, किराणा, शाळा, गाडीचा हप्ता, सासूबाईंच्या गोळ्या, ५ हजारांची भिशी, ३ हजारांची एसआयपी सगळं जाऊन साडेसहा हजार हातात राहतात. बँकेत १ लाख १० हजारांची एफडी, पतसंस्थेत ६० हजार.

आणि खंड्या. तीन-चार वर्षांचं गावठी कुत्रं, तासगाव रोडच्या एका शेडवर साखळीला बांधून ठेवलेलं, साखळी मानेत रुतलेली, काठीनं मार खाल्लेला. प्राणीमित्र पोरांनी सोडवून आणला, आता त्यांच्याकडं आहे. काठी किंवा हेल्मेट दिसलं की कोपऱ्यात जाऊन थरथरतो नाहीतर गुरगुरतो, एका पोराच्या हाताला चावलाय पण. ताई चार महिने दर रविवारी जातात, त्यांच्या हातून तो खातो. प्रश्न असा, की एफडी मोडून आत्ताच आणू, का फेब्रुवारीत भिशी लागेपर्यंत थांबू, का महिना दीड हजार देऊन त्याला तिथंच राहू देऊ. आणि दीर म्हणतात हेच पैसे एसआयपीत टाकले तर दहा वर्षांत ८ लाख होतील.

ताई, आधी दिरांचं घेऊ. त्यांचं गणित बरोबर आहे, महिना ३,५०० दहा वर्षं १२ टक्क्यांनी ८ लाखांच्या थोडं वर जातात, फक्त ते १२ टक्के कुणी लिहून देत नाही. पण तुमच्या हातात राहणारे साडेसहा हजार एसआयपीत जातच नव्हते, ते हॉटेल, ऑनलाइन कपडे आणि पाहुण्यांत जातात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खंड्याचा खर्च मुलाच्या शिक्षणातून नाही तर या सुट्या खर्चातून निघणार, तो निघत असेल तर मला पैशाच्या बाजूनं हरकत नाही. चालू एसआयपीला मात्र हात लावायचा नाही, एक महिना पण नाही.

आता तुमचे आकडे. महिन्याचे ३,५०० धरलेत, त्यात खाणं २,२००, गोचिडाची आणि जंताची गोळी धरून ५००, बाजूला ८००. ठीक आहे, घरचा भात, अंडं, चिकनचे तुकडे यात गावठी कुत्रं मजेत राहतं, महागड्या पाकिटाची गरज नाही. दरवर्षीची रेबीजची लस आणि सेव्हन इन वन ही एकत्र लस त्या ८०० मधूनच जाईल. पण एक लक्षात घ्या, गावठी कुत्रं नीट सांभाळलं तर १२-१५ वर्षं जगतं, म्हणजे हा निदान दहा वर्षांचा हप्ता आहे आणि दरवर्षी ७ टक्के महागाई धरली तर दहा वर्षांत साधारण ५ लाख ८० हजार होतात. घाबरवायला नाही सांगत, गाडी घेताना आपण पूर्ण हप्त्यांची बेरीज करतो ना, तशीच इथं पण करावी.

खरी अडचण महिन्याच्या खर्चाची नाहीच. मार खाल्लेल्या कुत्र्याचा खर्च पहिल्या वर्षात एकदम येतो, आणि तो कधी येईल ते आपल्या हातात नसतं. तुम्ही मानेची जखम आणि गोचीडताप ८ हजार, नसबंदी आणि लसी ७ हजार, कोल्हापूरच्या ट्रेनरच्या आठ फेऱ्या ९,६००, अंगणाला ग्रील आणि गेट ११ हजार, पट्टा-मुसकं-अंथरूण-पिंजरा साडेपाच हजार असे ४१ हजार १०० काढलेत. चांगलं काढलंय, माझ्याकडं येणारे बरेच जण एवढं पण काढत नाहीत. पण त्यात काही गोष्टी नाहीत.

एक म्हणजे कृष्णेच्या पुराचं पाणी. तुम्ही गावभागात तळमजल्याला राहता, तुम्हाला काय सांगायचं, आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, २०२१ ला परत ५० च्या वर. त्या वेळी तुम्ही विश्रामबागला नणंदेकडं गेलात असं लिहिलंय. खंड्या असताना नणंद घेईल का? अनोळखी घर, अनोळखी माणसं, बाहेर बोटीचा आवाज, आणि हा चावणारा. हे जुलैत नाही, आत्ताच विचारून ठेवायचं, आणि नाही म्हणाली तर त्या आठ-दहा दिवसांसाठी प्राणीमित्रांकडं परत ठेवता येईल असं लिहून घ्यायचं.

दुसरं म्हणजे गावाला जाणं. सासरचं गाव जत, वर्षातून चारदा जाता. साधं कुत्रं चार दिवस कुणीतरी ठेवून घेतं, याला कुणी घेणार नाही, म्हणजे दर वेळी घरातलं एक माणूस मागं राहणार नाहीतर गाडी करून त्याला घेऊन जाणार. मिरजेला मिरवणुकीच्या वेळी आणि दिवाळीत पण तेच, आवाजानं बिथरलेलं कुत्रं एकटं सोडता येत नाही, सुट्टी टाकावी लागते, आणि नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सुट्टीचे पैसे कापतात. हा पण खंड्याचाच खर्च.

तिसरं, चावणं. यावर मी जरा जास्त बोलणार कारण हे माझ्या घरात झालंय. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत एक कुत्री पत्र्यावर अडकली होती, पाणी ओसरल्यावर तिला आम्ही ठेवून घेतलं, नाव सोनी. काही तयारी केली नाही, खिशात पैसे बाजूला नव्हते, नुसती दया आली म्हणून आणली. चौथ्या आठवड्यात ती दूधवाल्या मामांच्या पोटरीला चावली. जखम लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळाली, पण शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा चार दिवशी त्यांना जावं लागलं, त्यांची सकाळची लाइन बुडाली, ते पैसे मी दिले, देणंच योग्य होतं. मग घाबरून ट्रेनर लावला तो क्रेडिट कार्डावर, डॉक्टरचं बिल पण कार्डावर, आणि मी मिनिमम ड्यू भरत राहिलो. कार्डाचं व्याज वर्षाला ३६-४० टक्क्यांच्या घरात जातं हे मला लोकांना सांगायची सवय आहे, तरी ते फेडायला चौदा महिने गेले. सोनी आज पण आमच्याकडं आहे आणि तिला आणल्याचा एक दिवस पण पश्चात्ताप नाही, पण ते चौदा महिने घरात रोज जी कुरबुर झाली ती तिच्यामुळं नव्हती, पैसे तयार नव्हते म्हणून होती. म्हणून तुम्हाला एवढं खोदून सांगतोय.

कायद्याचं पण बघा, पाळलेल्या जनावराबाबत हलगर्जीपणा केला आणि त्यातून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो आधी चावलाय हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळं माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. बाहेर नेताना जाळीचं मुसकं कायम, गेटला आतून कडी, आणि तुमचा मुलगा आणि खंड्या दोघंच एका खोलीत कधी नाही, पहिले सहा महिने तर नाहीच.

कुत्र्याचा इन्शुरन्स घेऊ का असं विचारलंय. आपल्याकडं मिळतो, काही पॉलिसीत तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याचं कव्हर पण असतं आणि तुमच्यासाठी तेवढंच कामाचं आहे. बाकी जुनी जखम, आधीचा आजार कव्हर होत नाही, वयाची अट असते, स्वभाव सुधारायला लावलेल्या ट्रेनरचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. आणि त्या प्रीमियमवर इन्कम टॅक्समधली ८०डी ची सूट मिळत नाही, ती माणसांच्या मेडिक्लेमलाच आहे. तिसऱ्या माणसाचं कव्हर परवडत असेल आणि आधी चावलाय हे खरं सांगून पण मिळत असेल तर घ्या, लपवून घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं.

आता एफडी. तुमचा भिशी आणि एसआयपी सोडून महिन्याचा लागणारा खर्च साडेसेहेचाळीस हजार येतो, सहा महिन्यांचे म्हणजे २ लाख ८० हजार हाताशी पाहिजेत. तुमच्याकडं १ लाख ७० हजार आहेत, त्यातले ६० पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचं विमा संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं, आपल्या भागात ठेवी अडकलेली घरं किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको. त्यामुळं ते ६० मुदत संपली की बँकेत आणा. एफडीतून ४१ हजार काढले तर अडीच-पावणेतीन महिन्यांचेच पैसे उरतात, आणि नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतंय. रिन्यू नाही झालं तर घरात पहिली कात्री कशावर येईल? सासूबाईंच्या गोळ्यांवर नाही, मुलाच्या फीवर नाही, खंड्यावर येईल. एकदा साखळीतून सुटलेला जीव सहा महिन्यांनी परत संस्थेकडं गेला तर त्याला परत माणसावर विश्वास ठेवायला लावणं फार अवघड जातं. म्हणून एफडी मोडायला माझा नकार आहे.

मग दीड हजार देऊन तिथंच राहू द्यायचं का? पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात सोपं आहे, पण आवाजाला घाबरणारं कुत्रं तीस कुत्र्यांच्या भुंकण्यात सुधारणार कसं, आणि तुमच्या हातून खातो म्हणजे अर्धं काम तुम्ही केलंच आहे. ते वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळं मी म्हणेन डिसेंबर आणि जानेवारी त्याला फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, आणा. मालकी अजून संस्थेचीच, औषधपाणी, नसबंदी आणि लसी संस्था करणार का हे आधी लिहून घ्या, फॉस्टरमध्ये बऱ्याच ठिकाणी करतात. दोन महिन्यांचे शिल्लक १३ हजार तुमच्याकडं आहेत, त्यात खाणं, मुसकं आणि दाराला तात्पुरती जाळी होते. या कामातली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात, तीन दिवस नुसतं भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो. सगळ्यात जास्त बघायचं म्हणजे नवरा हेल्मेट घालून दारात आला की काय होतं. त्यांना हेल्मेट गेटबाहेरच काढायला सांगा, आणि ते आत आले की हातात चिकनचा तुकडा. हा पगाराचा माणूस आहे घरातला, त्याचं आणि खंड्याचं जमलं नाही तर बाकी गणितं करून उपयोग नाही.

घरमालकाला मात्र त्याच्याही आधी विचारा. तुमचा अकरा महिन्यांचा करार आहे, त्यात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि परवानगी लेखी घ्या, ग्रीलचे ११ हजार त्यांच्या भिंतीला लावून मग घर सोडा म्हणाले तर ते पण गेले आणि नवीन डिपॉझिट पण आलं. कुत्रं घेऊन घर शोधणं सांगलीत सोपं नाही.

फेब्रुवारीत भिशीचे ६० हजार येतील. त्यातले ३५ हजार वेगळ्या सेव्हिंग खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड रोजच्या पर्समध्ये नाही. ट्रेनर, ग्रील आणि सामान मिळून २६ हजार १०० होतात, उरलेले नऊ हजार चावण्याबिवण्याच्या प्रसंगाला. बाकीचे २५ हजार तुमच्या एफडीला जोडा. मार्चला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं की दत्तकपत्रावर सही करा, पावसाच्या आधी तीन महिने मिळतात. एप्रिलला भिशी संपली की नवीन घेऊ नका, ते ५ हजार आरडीत टाका आणि शिल्लक साडेसहातले खंड्याचे साडेतीन जाऊन उरलेले तीन पण. म्हणजे त्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत तुमचा सहा महिन्यांचा फंड २ लाख ९० हजारांपर्यंत जातो, खंड्या घरात असताना.

कॉन्ट्रॅक्ट नाही झालं तर फॉस्टर वाढवून मागा, सही करू नका.

स्वभाव सुधारायला औषध लागलं किंवा मान परत चिघळली तर शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, पण ते सांगलीहून दीडशे किलोमीटरच्या वर, गाडीभाडं त्या नऊ हजारांतून जाईल हे धरून ठेवा. आणि एक घरातली गोष्ट, आपल्याकडं बेदाण्याचा डबा ओट्यावर उघडा असतो, मुलं येता जाता मूठभर तोंडात टाकतात, खाली सांडतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहे, किडनी जाऊ शकते, आणि त्याचं बिल तुमचा सगळा फंड खाईल. डबा झाकण घट्ट लावून वरच्या फळीला, सासूबाईंना पण सांगून ठेवा.

घरमालकाचं आणि नणंदेचं काय उत्तर येतंय ते कळवा. आणि रविवारी गेलात की संस्थेच्या मुलांना विचारा, खंड्या चावला तेव्हा नक्की काय झालं होतं, हातात काय होतं, त्याआधी गुरगुरला होता का. गुरगुरून मग चावला असेल तर ट्रेनरच्या आठ फेऱ्या पुरतील असं मला वाटतं, न गुरगुरता चावला असेल तर बारा धरा आणि ३५ हजारांचे ४० करा.