लोक सार्वजनिक कामात का पडतात आणि वर्षानुवर्षे का टिकतात?

नोकरीनिमित्त बडोद्यात नव्याने आल्यावर आपण एका मराठी मंडळाच्या दोन बैठकांना गेलात, मग जाणे सुटले, आणि इतर लोक पदरमोड करून इतकी वर्षे तिथे कसे राहतात, असे आपण विचारले आहे. मी दांडिया बाजार भागात राहतो आणि आमच्याकडच्या मराठी घरांत फिरणाऱ्या दिवाळी अंकांचे काम गेली एकोणीस वर्षे पाहतो. त्या अनुभवावरून लिहितो.

येण्याचे कारण बहुतेकदा अगदी साधे असते: कोणीतरी नाव घेऊन बोलावलेले असते. मला शेजारच्या काकांनी जिन्यात गाठून विचारले, "रविवारी तासभर मोकळा आहेस का? अंकांना कव्हरे घालायची आहेत." फलकावरचे "सर्वांनी यावे" वाचून आलेला माणूस मला क्वचितच भेटला. महाराष्ट्राबाहेर राहताना आपली भाषा कानावर पडावी, शाळेत गुजराती बोलणाऱ्या मुलांनी घराबाहेरही मराठी ऐकावी, ही ओढ खरीच असते. पण तेवढ्यावर माणूस गणपतीच्या आरतीला येतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो.

टिकण्याचे कारण निराळे आहे. आमची बत्तीस घरे वर्गणी काढतात, त्यातून अंक घेतले जातात, प्रत्येकाला खाकी कव्हर घालून आतल्या बाजूला घरांची यादी चिकटवली जाते आणि दर गुरुवारी दोन-दोन अंक एका घरून पुढच्या घरी जातात. माझ्या पिशवीत सात घरे आहेत. त्यांतल्या एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी गुरुवारी संध्याकाळी चष्मा पुसून ओट्यावर बसलेल्या असतात. अंकातले शब्दकोडे त्या पेन्सिलीने सोडवतात आणि पुढच्या घराला ते कोरे मिळावे म्हणून अंक परत देण्यापूर्वी सगळी अक्षरे खोडतात. एकदा तापामुळे मला जाता आले नाही, तेव्हा शुक्रवारी सकाळीच त्यांचा फोन आला: "अंकाचं राहू दे रे, तू बरा आहेस ना?" आपली कोणीतरी वाट पाहते हे एकदा कळले की काम सोडायचे मनात येत नाही.

कामात स्वतःचा वाटा असला की माणूस टिकतो, ही गोष्ट बडोद्याला फार पूर्वी उमगली होती, असे मला वाटते. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेल्यांच्या हाती पुस्तके पोहोचावीत म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. गावोगावच्या ग्रंथालयांसाठीचा नियम असा होता की, गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. गावाचा वाटा आधी, मग बाकीचे. ज्याने स्वतःच्या कनवटीचे चार आणे दिले असतील, तो ते कपाट उघडे आहे की बंद, हे पाहायला आल्याशिवाय राहिला नसेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा माझ्या ओळखीतले पुष्कळजण उत्साहाने मदतीला धावले. त्यांपैकी पुढेही येत राहिले ते मुख्यतः ज्यांच्या हाती एखादे ठरलेले काम होते ते.

लोक जातात ते कंटाळून, असे म्हणतात. मला ते पटत नाही. एका मंडळात मी चार वर्षे होतो. तिथे वर्षअखेरीस जमाखर्च वाचला जात नसे, आणि कोणी विचारलेच तर "आमच्यावर विश्वास नाही का?" असे उत्तर मिळे. खरे तर विचारणारा माणूस ते मंडळ आपले मानत होता म्हणूनच विचारत होता. पुढच्या वर्षी आम्ही सातजण गेलो नाही, आणि त्याचे वाईट मला अजूनही वाटते. दुसरा दोष अधिक सौम्य, पण तितकाच घातक: पावतीपुस्तक, किल्ल्या आणि ध्वनिक्षेपक वर्षानुवर्षे त्याच तिघांकडे असतात. ते थकतात, आणि नवा माणूस खुर्चीत बसून चहा पिऊन परत जातो.

आपल्या दोन बैठकांचे असेच झाले असावे. तिथे आपल्याला कोणी काही काम सांगितले नसेल, तर न येण्याचा दोष आपल्याकडे नाही. पुन्हा जाल तेव्हा बैठक संपल्यावर सतरंज्या घडी करणाऱ्यांपाशी जाऊन "पुढच्या वेळी मी काय आणू?" एवढे विचारून पाहा.

आमच्याकडे भाऊबीजेनंतरच्या रविवारी कव्हरे घालायला बसतात. रावपुऱ्यातल्या पाच घरांची पिशवी नेणारे गृहस्थ उन्हाळ्यात मुलाकडे अहमदाबादला राहायला गेले, आणि त्यांची पिशवी सध्या खुंटीवर आहे.