चतुर आणायचे तर आधी पाणी

प्रश्न : चतुर डास खातात असं वाचून बागेत पिवळ्या-जांभळ्या फुलांची भरपूर झाडं लावली. वर्ष झालं, चतुर येतात आणि निघून जातात. कोणतं झाड लावायचं राहिलं?

झाडाचं काही चुकलेलं नाही. चतुर मध पीत नाही की पानं कुरतडत नाही. तो पक्का मांसाहारी आहे. फुलांवर चिलटं, माश्या जमल्या तर चार घिरट्या घालून शिकार करील आणि वाटेला लागेल. ‘चतुरांना आवडणारी फुलं’ अशा याद्या फिरत असतात, त्यांत यापेक्षा जास्त तथ्य नाही. त्याला थोपवून धरतं ते पाणी: उन्हातलं, फारसं न वाहणारं, मासे नसलेलं.

कारण चतुराचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली जातं. जात कोणती आणि पाणी किती उबदार, त्यावर दीड-दोन महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत तो पिल्लू म्हणून पाण्यात राहतो. पंख फुटल्यावर हाती उरतात ते थोडे आठवडे. डासांवरचा खरा हल्लाही पाण्याखालीच होतो. पिल्लाचा खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा तोंडाखाली घडी करून ठेवलेला असतो. डासाची अळी वळवळत टप्प्यात आली की घडी सुटते, टोकाचे चिमटे अळीला धरतात आणि ओढून तोंडाशी आणतात. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे उरकलेलं असतं.

प्रश्न : तळं करायचं तर किती मोठं, किती खोल? प्लास्टिकचा कागद किती लागेल?

2 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि मध्यभागी 60 सेंटिमीटर खोल एवढं तळं घरच्या बागेला पुष्कळ झालं. रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्या. मोठ्या झाडाखाली नको. सावली होते आणि गळलेली पानं तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतात.

काठापासून आत 25-30 सेंटिमीटर रुंदीची एक पायरी ठेवा, तिच्यावर 10 ते 20 सेंटिमीटर पाणी राहील अशी. एक बाजू मात्र पायरी न करता उतरती करा, म्हणजे चुकून पडलेला प्राणी चढून बाहेर येईल. खणून झालं की आडवी फळी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवा आणि काठ चहूबाजूंनी एका पातळीत आहे का ते बघा. ही तपासणी टाळली तर एका बाजूने पाणी वाहून जातं, दुसऱ्या बाजूला कागद उघडा पडून उन्हाने तडकतो. टोकदार दगड, मुळं काढून टाका, 5 सेंटिमीटर वाळू पसरा आणि मग अस्तर घाला.

अस्तराचा हिशोब असा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर 30-30 सेंटिमीटर. वरच्या मापाला 3.8 मीटर. रुंदीचंही तसंच, 3.3 मीटर. जाडी पाऊण ते एक मिलिमीटर असावी.

पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. नळाचं असेल तर झाडं आणि जीव सोडण्याआधी एक-दोन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे जंतुनाशक घालतात, ते मात्र असं उडत नाही. पाण्यात ते असेल तर त्यासाठीचं द्रावण वापरावं लागतं.

झाडं तीन प्रकारची हवीत. पाण्यात बुडालेली, उदाहरणार्थ हायड्रिला: पिल्लं त्यांत लपतात आणि टाचण्या, म्हणजे चतुराचे सडपातळ भाऊबंद, देठांत अंडी घालतात. तरंगत्या पानांची, जसं कुमुदिनी. आणि पाण्यातून सरळ वर येणारी, लव्हाळ्यासारखी किंवा पाणकणसासारखी. पाणकणीस कुंडीतच ठेवा, मोकळं सोडलं तर दोन वर्षांत तळं उरत नाही. कुंडीत खत नको, साधी माती आणि वर दोन सेंटिमीटर खडी. खत पाण्यात उतरलं की पाणी हिरवंगार झालंच म्हणून समजा. जलपर्णी मुळीच नको. निम्मा पृष्ठभाग तरी उघडा दिसला पाहिजे, नाहीतर वरून उडणाऱ्या चतुराला तिथे पाणी आहे हेच कळत नाही. पाण्याची चकाकी हीच त्याची खूण आहे. याच खुणेपायी तो चकचकीत मोटारीच्या टपावरही शेपूट आपटून अंडी घालतो आणि ती वाया जातात.

काठावर 50 सेंटिमीटर ते एक मीटर उंचीच्या चार-पाच काठ्या थोड्या तिरक्या रोवा. नर तिथे बसून पहारा करतो. कारंजं हवंच असेल तर पंपाच्या तोंडाला बारीक जाळी किंवा स्पंज बांधा, एरवी पिल्लं आत ओढली जातात. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या पातळीलगत भक्कम लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळं भरू नका.

प्रश्न : तळं केलं आणि डास वाढले! चतुरांचा पत्ता नाही.

पहिल्या महिन्यात असंच होतं. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चतुर येणार, अंडी घालणार, पिल्लं शिकारीएवढी होणार, तोवर डासांच्या दोन-तीन पिढ्या उडालेल्या असतात. तेवढ्या काळासाठी बीटीआय वापरा. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूपासून केलेल्या त्याच्या वड्या किंवा दाणे मिळतात. डासांची अळी ते खाऊन मरते, चतुराच्या पिल्लाला त्याची थेट बाधा होत नाही. प्रमाण वेष्टनावर असतं तेवढंच. एक लक्षात घ्या: स्वल्पविरामासारखे दिसणारे डासांचे कोष काही खात नाहीत, म्हणून ते यानं मरत नाहीत. ते जाळीनं काढा.

रॉकेल, तेल, टेमेफॉस हे अळीनाशक, धूरफवारणी यांतलं काहीही वापरलं तर चतुरांचा नाद सोडा. निंबोळी अर्कही तळ्याच्या काठी नको, तो किड्यांच्या कात टाकण्यातच बिघाड करतो.

आणि स्पष्ट सांगायचं तर, डेंग्यू पसरवणारा एडिस डास तळ्यात फारसा जातच नाही. त्याला कुंडीखालची ताटली, टायर, उघडा पिंप, तुंबलेला पन्हाळ आवडतो, आणि तिथे चतुर सहसा अंडी घालत नाही. ही भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची, कारण एडिसची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. शिवाय बरेच चतुर उन्हात उडतात, रात्री चावणारे डास तेव्हा दडून असतात. तळं हे त्या साप्ताहिक घासण्याला जोड आहे, बदली नव्हे.

प्रश्न : त्याच तळ्यात गप्पी मासे सोडले तर दुहेरी फायदा नाही का?

नाही. मासे डासांच्या अळ्या खातील, पण चतुराची लहान पिल्लंही खातील. दोहोंपैकी एक निवडा.

प्रश्न : बाल्कनीत टब ठेवून जमेल?

50-60 सेंटिमीटर व्यासाचा, निदान 40 सेंटिमीटर खोल टब असेल तर टाचण्या येऊ शकतात; मोठ्या चतुरांचा भरवसा नाही. आत विटांची उतरंड आणि वर येणारी एखादी काठी हवी, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लाचे पाय टिकत नाहीत आणि ऐन कात टाकायच्या वेळी ते बाहेर पडू शकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघा. अळ्या दिसल्या तर बीटीआय, आणि तरीही आटोक्यात येईना तर टब मोडून टाका.

प्रश्न : पिल्लं दुसऱ्या तळ्यातून आणून सोडावीत का? आणि ती आहेत हे कसं ओळखायचं?

आणू नका. एकाच जागी कोंडलेली पिल्लं एकमेकांनाच खातात, आणि त्यांच्याबरोबर नको ती वनस्पती, गोगलगायी येतात. जवळपास चतुर असतील तर ते आपणहून तळं शोधतात. सफाई करताना एका वेळी एक तृतीयांशच झाडं काढा आणि काढलेला ढीग रात्रभर पाण्याला टेकून ठेवा, म्हणजे आतले जीव परत उतरतील.

ओळखायचं ते सकाळी लवकर, पाण्याबाहेर आलेल्या देठांवर. पाण्यापासून वीतभर उंचीवर तपकिरी, पोकळ कात पाय रोवून चिकटलेली दिसते. पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून बाहेर लोंबणारे पांढरे धागे, म्हणजे श्वासनलिकांची अस्तरं. बारीक, सडपातळ कात असेल तर ती टाचणीची. वर उडणारे चतुर मोजून काही कळत नाही, ते लांबूनही येतात. काती मोजा: त्या तुमच्याच पाण्यातल्या.