पापण्यांच्या शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी
वरच्या पापणीवरची ओघळलेली त्वचा काढून घेण्याचा तुमचा विचार पक्का झाला असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांतील कोरडेपणा तपासून घ्या, कारण शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पापण्या नीट मिटेनाशा होऊ शकतात आणि मुळातच कोरड्या असलेल्या डोळ्यांना त्याचा फार त्रास होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. स्वतःच्या मनाने मात्र ती बंद करू नका.

शस्त्रक्रिया बहुधा जागेपुरती भूल देऊन होते. मला सुई टोचली तेव्हा डोळ्यांत चटकन पाणी आले, नंतर फक्त ओढल्यासारखे जाणवत राहिले. खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागते. सकाळी आरशात पाहिले, तर पापण्या सुजून जांभळ्या झालेल्या आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान दिसत होता. त्या दिवशी मी रडले, आणि तुम्हालाही रडू आले तर त्यात गैर काही नाही. पहिले दोन दिवस स्वच्छ कापडातून थंड शेक घ्या आणि उशी उंच करून झोपा. टाके आठवड्याच्या आसपास निघतात, काळेनिळेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, परंतु व्रण फिका पडायला काही महिने लागतात.

एका बाबतीत जराही थांबू नका: डोळ्यात अचानक तीव्र वेदना झाल्या, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा नजर अंधुक झाली, तर मध्यरात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठा, कारण डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास दृष्टी वाचवण्यासाठी हाती फार थोडा वेळ असतो.