ओल्या कचऱ्याचा कॉम्पॅक्टर घेताय? आधी पाण्याचं बघा

लग्नसराई जवळ आली की कॉम्पॅक्टरबद्दलचे, म्हणजे कचरा दाबून त्याची जागा कमी करणाऱ्या यंत्राबद्दलचे, प्रश्न वाढतात. मंगल कार्यालयं, हॉटेलं, वसतिगृहांच्या मेस, कंपन्यांची कॅन्टीन, सगळ्यांची अडचण सारखीच असते. खरकटं फार निघतं, घंटागाडीचा नेम नाही, विक्रेता माहितीपत्रक ठेवून गेलाय, तर यंत्र घ्यावं का? पुठ्ठा-प्लास्टिक दाबायचं यंत्र खरकट्याला लावायचा घोळ यातल्या बहुतेक प्रश्नांत आहे, म्हणून काही निवडक प्रश्न एकत्र घेते.

प्रश्न : लातूरजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. मोठ्या लग्नाला ४०० किलोपर्यंत खरकटं निघतं. विक्रेता म्हणतो, यंत्र पाचास एक दाबतं, म्हणजे पाच खेपांची एक खेप होईल. हे खरं का?

पुठ्ठ्याच्या बाबतीत खरं आहे. रिकाम्या खोक्यांत हवाच जास्त असते, ती काढली की पाच खोल्यांचा माल एका खोलीत बसतो. शिजलेल्या अन्नाचं तसं नाही. त्याच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं आणि पाणी दाबून लहान होत नाही.

विक्रेत्याचं राहू द्या, घरच्या घरी पडताळून बघा. २०० लिटरचा ड्रम न दाबता खरकट्याने काठोकाठ भरा आणि काट्यावर चढवा. १०० ते १२० किलो भरला, तर ड्रमात निम्म्याच्या आसपास हवा आहे. ती सगळी काढली तरी जागा निम्म्यावर येईल, पाचव्या हिश्शावर येणार नाही. आणि वजन आहे तेवढंच राहील. भिजलेल्या चादरीची कितीही बारीक घडी घातली तरी पिळल्याशिवाय ती हलकी होत नाही. तुमच्या टेम्पोची खेप वजनावर ठरते, तेव्हा पाचाची एक खेप विसरा.

पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, खोकी हा माल मात्र दबतो. तो जेवणाच्या पंगतीतच वेगळा काढलात तर एक साधा उभा बेलर (सुका माल दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र) पुरतो आणि त्यातला पुठ्ठा, बाटल्या भंगारवाला विकतही घेतो. शिवाय तुमचा धंदा मुहूर्तांवर चालतो. चातुर्मासात यंत्र बंद पडून राहील, सील कडक होतील आणि पहिल्याच मोठ्या लग्नाला तेल गळायला लागेल. आजूबाजूच्या दोन-तीन कार्यालयांनी मिळून व्यवस्था करता येते का तेही विचारून बघा. निदान आठ कार्यक्रमांची ओल्या आणि सुक्या कचऱ्याची वेगवेगळी वजनं वहीत मांडा आणि ती वही घेऊन पर्यावरण अभियंत्याला भेटा. त्याआधी कुठल्याही कोटेशनवर सही करू नका.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला आमची ९० फ्लॅटची सोसायटी आहे. कॉम्पॅक्टर घ्यावा का?

नाही. खताचे हौद बांधा, ओला कचरा आवारातच जिरतो.

प्रश्न : नांदेडला हॉटेल आहे. एक यंत्र साध्या लोखंडाचं, एपॉक्सी रंग दिलेलं. दुसरं स्टेनलेस स्टीलचं, बरंच महाग. मित्र म्हणतो, लोहचुंबक लावून बघ, चिकटला नाही तर अस्सल ३०४ ग्रेडचं स्टेनलेस.

चुंबकाची ही ऐकीव गोष्ट मराठवाडाभर फिरते आहे. २०२ ग्रेडचा स्वस्त पत्राही चुंबकाला सहसा धरत नाही, आणि अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला की वळणावर थोडा धरतो. या परीक्षेत हलका माल पास होतो आणि खरा नापास. पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा तपासणी-दाखला) मागा, त्यातला हीट नंबर (ओतणीचा क्रमांक) पत्र्यावरच्या नंबराशी ताडून बघा. तरीही शंका उरली तर तुकडा धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.

एपॉक्सीचा रंग दिसायला छान असतो. पण खरकट्यात हाडं येतात, चमचे येतात, फुटलेल्या बश्या येतात. त्यांचा ओरखडा पडला की तिथून आंबट-खारट पाणी लोखंडात शिरतं. जुनं यंत्र कुठे बघायला मिळालं तर खाली वाकून, बॅटरी मारून तळाच्या वेल्डिंगची कड बघा. वरचा रंग शाबूत दिसतो आणि वेल्डच्या कडेने तपकिरी रेघ ओघळलेली असते. बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटला, तर आतून पत्रा गेलेला आहे. पूर्ण यंत्र स्टेनलेसचं नसलं तरी चालेल. तळ, पाण्याचा सांडवा आणि दाबणाऱ्या पाटीचा तोंडाचा भाग तेवढा ३०४ चा हवाच. मासळी-मटणाचं आणि मिठाचं प्रमाण जास्त असेल तर ३१६ या जास्त गंजरोधक ग्रेडचा विचार करा. दोन वेगळे धातू जोडताना वेल्डिंग कोणत्या रॉडने करणार, हे मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : बीडला ३० खाटांचं रुग्णालय आहे. कॅन्टीनच्या कॉम्पॅक्टरमध्ये ड्रेसिंगचा कापूस-पट्ट्या टाकल्या तर चालेल का?

अजिबात नाही. तो जैववैद्यकीय कचरा आहे. पिवळ्या पिशवीतून ४८ तासांच्या आत अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. आजवर टाकला असेल तर लगेच थांबवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाशी बोला.

प्रश्न : अंबाजोगाईला मुलींच्या वसतिगृहाची मेस आहे. कॉम्पॅक्टरमधून निघणारं पाणी शोषखड्ड्यात सोडा, असं विक्रेता सांगतो. खड्डा तयारच आहे, बोअरपासून चाळीसेक फुटांवर. चालेल ना?

चालणार नाही. बाकीचे सगळे प्रश्न बाजूला राहिले तरी चालतील, एवढं उत्तर मात्र नीट वाचा. तो खड्डा वापरू नका, आणि असा सल्ला देणाऱ्याकडून यंत्रही घेऊ नका.

हे सांडपाणी नव्हे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात खरकटं दिवसभरातच आंबतं. दाबल्यावर त्यातून जे सुटतं त्यात आम्ल असतं, मीठ असतं, फोडणीचं तेल असतं, भाताची पेज असते. घरगुती सांडपाण्यापेक्षा ते कित्येक पटींनी जास्त दूषित असतं. शोषखड्डा आंघोळीच्या, धुण्याच्या पाण्यासाठी असतो. त्यात हे तेलकट पाणी सोडलं की काही आठवड्यांत खडी-वाळूवर चिकट थर बसतो आणि पाणी वर येतं. मग कुणीतरी म्हणतं, खड्डा अजून खोल घ्या. खोल घेतला की मुरूम संपून फुटका खडक लागतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आपला खडक काळा बसाल्ट. त्यातून पाणी झिरपत-गाळत जात नाही, भेगांतून आणि सांध्यांतून वाहत जातं. मधे माती नाही, वाळू नाही, गाळणारं काहीच नाही. तुमच्या खड्ड्याखालची भेग बोअरच्या भेगेला मिळालेली असेल तर चाळीस फूट म्हणजे काहीच अंतर नाही, आणि ती मिळालेली आहे की नाही हे वरून कुणालाही सांगता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या कचरागाड्या, जिथे शहराचा कचरा डेपो होता त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी अडवल्या, पुढे कित्येक आठवडे शहरात कचरा साचून राहिला. गावकऱ्यांच्या तक्रारींत विहिरी नासल्याची तक्रार होती. शहराला रस्त्यावरचा कचरा दिसला, खाली मुरलेलं पाणी कुणाला दिसलं नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या आपल्या मुलखात पोरींच्या पिण्याच्या बोअरशेजारी असा खड्डा ठेवायचा?

मग करायचं काय? यंत्राखाली सिमेंटचा पक्का चौथरा, चारी बाजूंनी वीतभर कठडा आणि एका कोपऱ्याकडे उतार. वर पत्र्याचं छप्पर, कारण पावसाचं पाणी त्यात मिसळलं की एका ड्रमचे दहा ड्रम होतात. कोपऱ्यात जाळी, पुढे तेल अडवणारी टाकी आणि मग बंद, न गळणारी टाकी. रोज ४०० किलो खरकटं असेल तर त्यात जवळपास ३०० लिटर पाणी असतं. त्यातलं शंभरेक लिटर सुटेल असं धरून टाकीचं माप काढा, आणि टँकर दोन दिवस आला नाही तरी ती भरून वाहू नये, एवढी मोठी करा. धुण्याचं पाणी त्यात वेगळं मिळवा.

बायोगॅस संयंत्र असेल तर हेच पाणी त्याचं खाद्य होतं. संभाजीनगरला कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प महापालिकेने उभारला, तत्त्व तेच. वसतिगृहाला रोज स्वयंपाक असतो, गॅस लागतोच. जागा असेल तर कॉम्पॅक्टरच्या आधी बायोगॅसचं कोटेशन मागवा. ते जमलं तर दाबायला खरकटं उरणारच नाही.

आणि एक काम याच आठवड्यात करा. बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत तपासायला द्या. क्लोराइड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (घाण पाणी मिसळल्याची खूण देणारे जिवाणू), तिन्ही सांगून करून घ्या. अहवाल जपून ठेवा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. टाकीचं डिझाइन मात्र स्थापत्य अभियंता आणि पर्यावरण अभियंता दोघांना दाखवूनच पक्कं करा.

प्रश्न : वाळूजला कंपनीचं कॅन्टीन आहे. ‘२४ तासांत खत’ देणारं यंत्र बरं की कॉम्पॅक्टर?

चोवीस तासांत खत होत नाही. हीटर लावून खरकटं वाळवलं आणि दळलं की तपकिरी भुगा मिळतो, तो वाळलेलं अन्न असतो. त्याची मूठभर घ्या, पाणी शिंपडून झाकणाच्या बरणीत तीन दिवस ठेवा. आंबूस वास आला, बुरशी धरली की कळेल, कुजण्याची क्रिया झालेलीच नाही. हा भुगा बागेत टाकला तर रोपांची मुळं जळतात, मग माळी खताला नावं ठेवतो. नंतर काही आठवडे हौदात कुजवणार असाल तर यंत्राचा उपयोग आहे. पाणी उडाल्याने वजन खरोखर कमी होतं. पण वीजबिलाचा अंदाज लेखी घ्या.

तुमचा कचरा दिवसाला १०० किलोच्या वर असेल तर घनकचरा नियमांनीच तुम्हाला मोठ्या कचरा-उत्पादकांत बसवलं आहे, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं अपेक्षित आहे. नुसता दाबून पालिकेकडे ढकलणं हे उत्तर नव्हे. तुमच्या पर्यावरण विभागाकडून आधी लागू नियम तपासून घ्या.

तरीही कॉम्पॅक्टरच हवा असेल तर दाबणारं यंत्र आणि कंटेनर एकसंध जोडलेला प्रकार घ्या. कंटेनर सुटा होणारा प्रकार सुक्या कचऱ्यासाठी असतो. फरक बघायचा तर हूकवाली गाडी भरलेला कंटेनर उचलते तेव्हा मागे उभे राहा. कंटेनर तिरका झाला की सगळं पाणी दाराकडे धावतं, दाराच्या खालच्या रबरातून आधी थेंब, मग तवंगाची काळी धार लागते आणि गाडी फाटकापर्यंत रेघ ओढत जाते. डेमो मागाल तेव्हा तुमचंच खरकटं भरून, कंटेनर उचलून दाखवायला सांगा. रिकाम्या यंत्राचा डेमो स्वीकारू नका.

प्रश्न : जालन्याचा ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्या किमतीत यंत्र बनवून देतो म्हणतो.

चौथरा, जाळी, कठडा, छप्पर त्याच्याकडून खुशाल करा. हायड्रॉलिक यंत्र मात्र ड्रॉइंग, दाबाची चाचणी आणि सुरक्षेची व्यवस्था यांत्रिकी अभियंत्याने तपासल्याशिवाय नको.

प्रश्न : परभणीत भाजी बाजारात यंत्र आहे. दार उघडलं की ते थांबतं, त्यात वेळ जातो. इलेक्ट्रिशियन तो स्विच बायपास करून देतो म्हणतो.

करू देऊ नका. केला असेल तर यंत्र आत्ता बंद करा आणि स्विच पूर्ववत होईपर्यंत चालवू नका. दाबणाऱ्या पाटीमागे कित्येक टनांचा जोर असतो. अडकलेली कोबीची पानं ओढायला घातलेला हात तिला कळत नाही. वाचलेली दोन मिनिटं कुणाच्या तरी कोपरापासून वसूल होतील.

काही अडकलं तर मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि चावी हात घालणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. मुकादमाकडे नाही. लाल बटण माणूस उभा असतो तिथून हाताला लागलं पाहिजे. अठरा वर्षांखालचा मुलगा यंत्राजवळ नको, गर्दी कितीही असो. आणि बंद कंटेनरमध्ये धुवायला कुणीही उतरायचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं हवा सुधारली. धुलाई बाहेरून, लांब नळीने. ज्या कंपनीचं यंत्र आहे तिच्या अधिकृत माणसाकडून सगळ्या स्विचांची तपासणी करून घ्या.

प्रश्न : वासासाठी सुगंधी कल्चर (जिवाणूंचं द्रावण) फवारावं का?

नको. कचरा रोज तिथून बाहेर काढा, तळ धुवा.

प्रश्न : हिंगोलीला आमचं हॉटेल आहे. दिवाळीपासून कोटेशन घेऊन बसलोय. भाव उतरतील म्हणून थांबलोय. तोवर खरकटं मागच्या जुन्या खदानीत टाकतो.

यंत्राला खुशाल थांबा, खदानीला थांबता येणार नाही. खदान म्हणजे उघडा पडलेला फुटका खडक. वर अंबाजोगाईला दिलेलं सगळं उत्तर तुम्हाला दुप्पट लागू आहे, कारण तुमच्याकडे खड्ड्याला खडीसुद्धा नाही. आजपासून तिथे एक बादलीही जाऊ नये. ओलं-सुकं ताटं रिकामी होतात तिथेच वेगळं करा, झाकणाचे ड्रम घ्या, रोज वजन लिहा. नगर परिषदेच्या स्वच्छता निरीक्षकांना ओला कचरा रोज उचलण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. यातल्या कशालाही यंत्राच्या भावाची वाट बघावी लागत नाही. खदानीच्या आसपास कुणाची विहीर असेल तर त्यांना आजच सांगा, पाणी तपासायला तुमच्या खर्चाने द्या, आणि अहवाल हातात येईपर्यंत ते पिण्यासाठी वापरू नका असं स्पष्ट बजावा.